हातावरची काळी माती, परळीची राख आणि बंदुकीचा कण: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे कसे ओळखावे?

दुधनाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी मी जो विषय निवडला आहे, त्याविषयी येथील अनुभवी सदस्यांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून हा धागा काढत आहे.

बंदूक झाडल्यावर गोळीच्या टोपीतील स्फोटक मिश्रणाची वाफ होते, ती क्षणार्धात थंड होते आणि तिचे बारीक गोलसर कण झाडणाऱ्याच्या हातावर, बाहीवर, कधी चेहऱ्यावर बसतात. नेहमीच्या टोपीत लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असल्यामुळे शिसे, बेरियम आणि अँटिमनी ही तिन्ही मूलद्रव्ये एकाच कणात एकत्र सापडणे हा गोळीबाराचा मोठा पुरावा मानला जातो. हे कण साधारणपणे अर्धा ते दहा मायक्रोमीटर आकाराचे असतात. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, म्हणजे आपण बोलताना ज्याला 'सेम' म्हणतो तो, आणि त्याला जोडलेला ईडीएस हा क्ष-किरण शोधक यांच्या साहाय्याने ते ओळखले जातात.

माझा प्रश्न उलट्या बाजूने आहे. ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, अशा आपल्या भागातील माणसांच्या हातांवर कोणते कण असतात? शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार, गॅरेजमधील मेकॅनिक, बॅटरी दुरुस्त करणारे, फटाक्यांचे दुकानदार अशा गटांच्या हातांवरून कार्बन टेप लावलेल्या स्टबने (सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवायच्या छोट्या चकतीने) नमुने घ्यावेत आणि ते तपासावेत, असा माझा विचार आहे. अशी कामे इतर देशांत झालेली आहेत, परंतु तेथील माती आपली नाही आणि तेथील शेतकऱ्याच्या हाताला आपले खतही लागलेले नाही.

माझ्या मार्गदर्शकांना विषय पसंत आहे. अडचण अशी की आम्हाला यंत्रावर मोजके तासच मिळणार आहेत, त्यामुळे नमुने घेण्याआधीच सगळा विचार पक्का व्हायला हवा. गट कोणते निवडावेत, आणि निष्कर्षात चूक कोठे होऊ शकते, हे कृपया सांगावे.

खडकीकर

विषय उत्तम आहे, आणि तो मराठवाड्यातल्याच कोणीतरी हाती घ्यावा असे मला पूर्वीपासून वाटत आले आहे. मी सव्वीस वर्षे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करून निवृत्त झालो. त्यामुळे यंत्राच्या बाजूने जे सांगता येईल ते सविस्तर लिहितो.

प्रथम मूळ तत्त्व, कारण पुढची प्रत्येक चूक तेथूनच उगवते. या यंत्रात इलेक्ट्रॉनांचा अतिशय बारीक झोत नमुन्यावर ओळीने फिरवला जातो, जसा शेतात पाभर एका काकरीनंतर दुसरी काकरी धरते. झोत जेथे पडतो तेथून तीन गोष्टी निघतात. दुय्यम इलेक्ट्रॉन पृष्ठभागाच्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरमधून येतात आणि त्यांच्यापासून आकाराची, खाचखळग्यांची प्रतिमा मिळते. परत उसळलेले इलेक्ट्रॉन जड मूलद्रव्यावरून अधिक येतात, म्हणून शिशाचा कण काळ्या पार्श्वभूमीवर चांदणीसारखा चमकतो. बंदुकीचे कण आपोआप शोधणारी प्रणाली याच चमकेवर चालते. तिसरी गोष्ट म्हणजे क्ष-किरण. प्रत्येक मूलद्रव्याच्या क्ष-किरणांची ऊर्जा ठरलेली असते आणि ईडीएस ती मोजून नाव सांगतो.

आता मुख्य मुद्दा. ईडीएस नाव सांगतो, पण त्याची ऊर्जा वेगळी करण्याची क्षमता सुमारे १२५ ते १३० इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकीच असते. दोन मूलद्रव्यांची शिखरे याहून फार जवळ असली, तर ती आलेखावर एकमेकांत मिसळतात. बंदुकीच्या तिन्ही मूलद्रव्यांचे शेजारी कोण आहेत ते पाहा.

शिशाचे प्रमुख शिखर २.३५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि गंधकाचे २.३१ वर. अँटिमनीचे ३.६० वर येते, कॅल्शियमचे ३.६९ वर आणि पोटॅशियमचे दुसरे शिखर ३.५९ वर. बेरियमचे ४.४७ वर येते आणि टायटॅनियमचे ४.५१ वर.

या शेजाऱ्यांची नावे पुन्हा एकदा वाचा: गंधक, कॅल्शियम, पोटॅशियम, टायटॅनियम. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि या खडकात टायटॅनियम असलेली खनिजे असतात. चुनखडीचे खडे आपल्या शेतात पावलोपावली सापडतात. गंधक आणि पालाश खतातून येतात. म्हणजे खत फेकून आलेल्या शेतकऱ्याचा हात जर निष्काळजीपणे तपासला, तर बंदुकीच्या तिन्ही मूलद्रव्यांच्या जागी काही ना काही शिखर दिसण्याची पूर्ण सोय आपल्या मातीनेच करून ठेवली आहे.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका कणाच्या आलेखावर सॉफ्टवेअरने लिहिलेले 'बेरियम' तसेच मान्य करून वहीत नोंदवले होते. माझ्या वरिष्ठांनी तो आलेख पुन्हा मागवला, आडवा अक्ष ताणून दाखवला आणि विचारले, "बेरियम असेल तर ५.१६ आणि ५.५३ वरची त्याची लहान शिखरे कोठे आहेत?" ती नव्हती. तो टायटॅनियम होता, आणि कण साध्या मातीचा होता. तो प्रशिक्षणाचा नमुना होता, म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु त्या दिवसापासून मी सॉफ्टवेअरने दिलेल्या नावावर एकदाही डोळे झाकून सही केली नाही.

म्हणून तुम्ही पुढीलप्रमाणे काम करावे. झोताचा व्होल्टेज २० ते २५ किलोव्होल्ट ठेवा, म्हणजे शिशाचे १०.५५ वरचे शिखर उठेल; तेथे गंधक काही करू शकत नाही. बेरियमसाठी वर सांगितलेली मागची शिखरे पाहा. अँटिमनीसाठी शिखरांचा पूर्ण समूह पाहा, एकच टोक पाहू नका. आणि प्रत्येक संशयास्पद कणाकडे सॉफ्टवेअरचे काम संपल्यावर स्वतः परत जा, त्याची प्रतिमा घ्या, आलेख जास्त वेळ गोळा करा.

गटांविषयी एकच सुचवतो: बॅटरी दुरुस्त करणाऱ्यांचा गट कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. शिसे-आम्ल बॅटरीच्या जाळीत शिशाबरोबर अँटिमनीचा मिश्रधातू वापरला जातो आणि ऋण पट्टीच्या मिश्रणात बेरियम सल्फेट घालतात. तिन्ही मूलद्रव्ये एकाच माणसाच्या हातावर, एकाच दिवशी, कोणत्याही गुन्ह्याशिवाय! ती एकाच कणात वितळून एकजीव झालेली आहेत, की तीन निरनिराळे कण शेजारी बसले आहेत, हे तपासणे हाच तुमच्या प्रबंधाचा कणा ठरेल.

परळीकर

खडकीकर सर, आपण मातीविषयी लिहिले, परंतु आमच्याकडे मातीपेक्षा राख अधिक आहे. औष्णिक वीज केंद्राच्या राखेवर आमच्या भागातील वीटभट्ट्या चालतात, राखेचे टिप्पर दिवसरात्र रस्त्यावरून जातात आणि उन्हाळ्यात दारे-खिडक्या लावूनही घरातल्या भांड्यांवर थर बसतो. महाविद्यालयात असताना आम्ही ही राख साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. त्यात काचेच्या मण्यांसारखे स्वच्छ गोल कण होते, हे मला पक्के आठवते.

धागाकर्तीने लिहिले आहे की बंदुकीचे कण गोलसर असतात. मग गोल असणे ही खूण आमच्या भागात निरुपयोगी ठरणार नाही का? वीटभट्टीवरच्या मजुराच्या हातावर तर असे हजारो गोल कण असतील.

खडकीकर

परळीकर, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो माझ्या लिहिण्यातून सुटला होता.

गोल आकार एवढेच सांगतो की तो पदार्थ एकदा वितळला होता आणि हवेत तरंगत असताना घट्ट झाला. बंदुकीच्या टोपीत हे घडते, कोळशाच्या भट्टीत घडते, वेल्डिंगच्या ठिणगीत घडते, आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्ट्यांच्या धुरातही घडते. त्यामुळे आकार हा पहिला निकष असला तरी तो एकटा पुरेसा नाही. राखेच्या गोल कणात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम प्रबळ असतात, सोबत लोह, कॅल्शियम आणि पुन्हा थोडे टायटॅनियम असते. राखेचा कण परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिमेत मंद करडा दिसतो, कारण त्यात जड मूलद्रव्य नसते. अपवाद लोहाने भरलेल्या गोळ्यांचा. त्या बऱ्यापैकी उजळ दिसतात आणि स्वयंचलित शोधाचा बराच वेळ खातात.

तेव्हा धागाकर्तीसाठी माझी व्यावहारिक सूचना: स्वयंचलित शोधाची उजळपणाची मर्यादा ठरवताना ती लोहाच्या वर ठेवा. अन्यथा वीटभट्टीवरच्या एकाच स्टबवर तुमचे सगळे तास संपतील आणि हाती केवळ राखेची मोजणी उरेल. राखेचा, शेतातल्या मातीचा, खताचा असे निराळे संदर्भ स्टबही तयार करा, ज्यात हाताचा संबंधच नाही. नंतर हातावरचा कण कोठून आला हे सांगताना बोट ठेवायला काहीतरी जवळ असेल.

एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ई १५८८ या प्रमाण पद्धतीत शब्द जपून वापरलेले आहेत. तिन्ही मूलद्रव्ये एका कणात असतील तर तो गोळीबाराच्या अवशेषाचे 'वैशिष्ट्य दाखवणारा' कण म्हणतात. दोनच असतील तर तो 'सुसंगत' कण. सुसंगत म्हणजे सिद्ध नव्हे. मराठीत प्रबंध लिहिणार असाल तर हा भेद शब्दांत जपा.

सिंदफणा

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी आहे आणि शवविच्छेदन हा माझ्या कामाचा भाग आहे. बंदुकीची प्रकरणे माझ्याकडे क्वचितच आली. माझ्याकडे येतात ती विजेच्या धक्क्याची आणि विहिरीतील मृत्यूची प्रकरणे. तरी या धाग्यावरील चर्चा वाचून मला असे वाटले की हेच यंत्र आमच्या प्रश्नांनाही उत्तर देऊ शकते, म्हणून लिहीत आहे.

रात्रीची थ्री फेज आली म्हणून शेतकरी मोटर सुरू करायला जातो, स्टार्टरच्या पेटीत पाणी गेलेले असते, आणि सकाळी घरचे लोक शोधत येतात. अशा मृतदेहावर विजेची खूण दिसेलच असे नाही, कारण ओल्या त्वचेचा विरोध कमी असतो आणि जळाल्याची खूण न उमटताही प्रवाह जाऊ शकतो. दिसली तरी ती साध्या भाजल्याच्या किंवा खरचटल्याच्या जखमेपासून वेगळी सांगणे डोळ्यांना कठीण असते. येथे त्वचेचा तो तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तारेचा धातू वितळून त्वचेच्या वरच्या थरावर बसलेले बारीक थेंब दिसू शकतात, आणि ईडीएस तो धातू तांबे आहे, ॲल्युमिनियम आहे की लोखंड हे सांगतो. मोटरची केबल सहसा तांब्याची असते, खांबावरून आलेली तार बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि शेताच्या कडेने रानडुकरांसाठी वीज सोडलेली तार लोखंडी असते. म्हणजे मृत्यू अपघाती की कोणाच्या निष्काळजीपणामुळे, या प्रश्नाचा एक धागा त्वचेवरच्या काही मायक्रोमीटरच्या थेंबात सापडू शकतो.

माझी खंत अशी आहे की आमच्यापर्यंत मृतदेह येईपर्यंत अनेकदा तो हात धुतलेला असतो. नातेवाईक मायेने चिखल पुसतात, आणि एका ठिकाणी तर शवविच्छेदन कक्षातल्या मदतनीसाने मी पोहोचण्याआधीच संपूर्ण देह धुऊन ठेवला होता. त्याचा हेतू चांगला होता, पण जे पाहायचे होते ते पाण्याबरोबर गेले. तेव्हापासून मी स्पष्ट लेखी सूचना लावून ठेवली आहे की मी पाहेपर्यंत हातपाय धुवू नयेत.

खडकीकर सरांना माझे दोन प्रश्न आहेत. काळ्या मातीत ॲल्युमिनियम आणि लोह असतेच, मग शेतकऱ्याच्या त्वचेवर ॲल्युमिनियम सापडले तर ते तारेचे की मातीचे हे कसे ठरवावे? आणि विहिरीतील मृतदेहाच्या बाबतीत डायटम, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवाले, शोधण्यासाठी हे यंत्र कितपत उपयोगी आहे?

खडकीकर

डॉक्टर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोबतीत आहे. मातीतले ॲल्युमिनियम एकटे कधी येत नाही. ते सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सोबत, बहुधा अधिक सिलिकॉनबरोबर येते. तारेचा थेंब जवळपास शुद्ध ॲल्युमिनियमचा असतो, आणि त्याचा आकार वितळून पसरलेल्या धातूचा असतो, चिकणमातीच्या पापुद्र्यांचा नसतो. लोहासाठीही हाच न्याय लावावा. तरीही दुसऱ्या हातावरील किंवा त्याच हाताच्या दूरच्या जागेवरील निरोगी त्वचेचा तुकडा तुलनेसाठी घेतल्याशिवाय मी तरी मत देणार नाही. घटनास्थळाची मूठभर माती आणि त्या तारेचा बोटभर तुकडा निराळ्या पाकिटात आले, तर फारच चांगले.

डायटमविषयी मी अधिक सावध आहे. ही एकपेशीय शैवाले सिलिकाचे कवच बांधतात. ते कवच नायट्रिक आम्लातही विरघळत नाही, म्हणून मांडीच्या हाडातील मज्जा आम्लाने विरघळवून उरलेल्या गाळात ती शोधतात. बुडताना हृदय चालू असेल तर फुफ्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मज्जेत ती पोहोचू शकतात, हा त्यामागचा तर्क आहे. केवळ फुफ्फुसात सापडली तर त्याला अर्थ कमी, कारण मृत्यूनंतरही पाणी तेथे शिरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कवचावरील रेषा आणि छिद्रे इतकी स्वच्छ दिसतात की प्रजातीपर्यंत जाता येते, आणि तीच प्रजाती त्या विहिरीच्या पाण्यात आहे का हे ताडून पाहता येते.

अडचण दूषणाची आहे. नळाच्या पाण्यात डायटम असतात, उपकरणे त्याच पाण्याने धुतली जातात. म्हणून फक्त आम्ल आणि ऊर्ध्वपातित पाणी घेतलेला एक कोरा नमुना त्याच दिवशी, त्याच भांड्यांतून पार पडलाच पाहिजे. खोल, अंधाऱ्या आणि कठड्याने झाकलेल्या विहिरीत प्रकाशच पोहोचत नसेल तर डायटम मुळातच थोडे असतात. तेथे नकारात्मक निकालावरून 'बुडून मृत्यू नाही' असे म्हणणे चुकीचे ठरेल. विहिरीचे पाणी पंचनाम्याच्या दिवशीच स्वच्छ बाटलीत भरून ठेवावे. आठ दिवसांनी पाऊस पडल्यावर किंवा मोटर लावून विहीर उपसल्यावर घेतलेले पाणी हे त्या दिवसाचे पाणी राहत नाही.

माहूरची_वाट

थोडा निराळा, परंतु याच यंत्राचा प्रश्न विचारते. मी दंतवैद्यकाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. किनवट परिसरातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तेथील मुलांच्या दातांवर पांढरे आणि तपकिरी डाग दिसतात. अशा काढलेल्या दातांच्या इनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावल्यावर पृष्ठभाग कसा कोरला जातो हे मला पाहायचे आहे, कारण त्यावर भरणी किती घट्ट बसेल हे अवलंबून आहे. शिवाय ईडीएसने डागाच्या जागी फ्लोरिन किती आहे हेही मोजावे, असे सुचवण्यात आले आहे. दातांवर सोन्याचा थर देऊन नमुने पाठवायचे ठरले आहे. यात काही चुकत आहे का?

खडकीकर

पहिला भाग पूर्णपणे योग्य आहे. इनॅमलचे दांडे साधारण पाच मायक्रोमीटर रुंद असतात, आम्लाने त्यांचा गाभा कोरला जातो की कडा, हे या यंत्राखाली इतके स्पष्ट दिसते की त्यासाठी दुसरे साधन शोधण्याची गरज नाही. फ्लोराइडबाधित इनॅमलचा वरचा थर आम्लाला अधिक विरोध करतो आणि त्याखालचा भाग सच्छिद्र असतो, म्हणून दात मधोमध कापून आडवा छेदही अवश्य पाहा.

दुसऱ्या भागाविषयी मात्र मी आपणास थांबवू इच्छितो. इनॅमलच्या पृष्ठभागावर फ्लोरिन दोन-तीन हजार पीपीएम असले तरी ते ०.२ ते ०.३ टक्के होते, आणि ईडीएसची पकड सुमारे ०.१ टक्क्यापाशीच संपते. फ्लोरिनसारख्या हलक्या मूलद्रव्यासाठी तर ती आणखी सैल असते. त्यातही फ्लोरिनचे शिखर ०.६८ वर आणि लोहाचे एक शिखर ०.७० वर येते. तपकिरी डागात लोह असेल, किंवा दातावर मातीचा अंश राहिला असेल, तर आपण लोह मोजून फ्लोरिन लिहाल. फ्लोराइड मोजण्यासाठी इनॅमलचा थर विरघळवून आयन-निवडक इलेक्ट्रोड वापरा. ते साधन स्वस्त आहे आणि या कामासाठी अधिक विश्वासार्ह आहे.

सोन्याच्या थराविषयी: केवळ प्रतिमेसाठी तो चांगला आहे. परंतु सोन्याचे शिखर २.१२ वर येते आणि फॉस्फरसचे २.०१ वर, त्यामुळे दात, हाड किंवा मुतखडा यांतील कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण काढायचे असेल तर कार्बनचा थर मागून घ्या. नमुने पाठवताना अर्जावर हे स्पष्ट लिहावे लागते. न लिहिल्यास प्रयोगशाळा सवयीने सोने चढवते, आणि एकदा चढलेले सोने सहज उतरत नाही.

दात कोरडा करणे सोपे आहे. या धाग्यावर कोणी पेशी किंवा जिवाणूंचे थर पाहणार असेल, तर ते नुसते हवेत वाळवू नयेत. पाणी सुकताना त्याचा पृष्ठताण पेशीला चेपून टाकतो. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये स्थिर करून, अल्कोहोलच्या चढत्या प्रमाणांतून नेऊन, शेवटी कार्बन डायऑक्साइडच्या क्रांतिक बिंदूवर, म्हणजे ३१ अंश सेल्सिअसच्या थोडे वर, वाळवले तर पेशीचा मूळ आकार टिकतो.

तेरणा

मी फौजदारी वकिली करतो. न्यायालयात या अहवालांचे काय होते, ते थोडक्यात सांगतो, कारण धागाकर्ती उद्या कदाचित त्याच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असतील.

आमच्याकडे सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो तेव्हा त्यात बहुधा निष्कर्षाचे एकच वाक्य असते. आलेख जोडलेले नसतात, तुलनेचा नमुना घेतला होता का याची नोंद नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करवून घेणे अपेक्षित आहे. राज्य शासनाला ही तरतूद अधिसूचनेद्वारे लागू करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. तज्ज्ञ प्रत्यक्ष गावात येऊ लागतील तेव्हा नमुना कोणी, कोणत्या क्रमाने घेतला या प्रश्नांना महत्त्व वाढेल. आरोपीच्या हातावरून स्टब घेणाऱ्या पोलिसाने त्या दिवशी स्वतः शस्त्र हाताळले होते का? बोटांचे ठसे आधी घेतले की स्टब आधी? आरोपीला ज्या गाडीतून आणले तिच्यात आधी कोण बसले होते? मी बचाव पक्षाचा वकील म्हणून हे प्रश्न विचारतो, आणि सरकारी वकील म्हणून उभा राहिलो असतो तरी याच प्रश्नांची उत्तरे आधी तयार ठेवली असती.

धागाकर्तीच्या प्रबंधाचा उपयोग मला येथे दिसतो. बॅटरीच्या दुकानातल्या पोराच्या हातावर साधारणपणे काय असते हे आपल्या भागातून कोणी मोजून ठेवलेले असेल, तर निर्दोष माणसाला त्याचा आधार मिळेल आणि दोषी माणसाला 'मी बॅटरीचे काम करतो' एवढे म्हणून सुटता येणार नाही.

दुधनाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मी दोन दिवस ही सगळी उत्तरे वहीत उतरवून काढली आणि मार्गदर्शकांसमोर ठेवली. त्यानंतर आराखड्यात पुढील बदल केले आहेत.

आधी ठरवलेल्या गटांऐवजी चारच गट घेणार आहे: कोरडवाहू शेतमजूर, परळी भागातील वीटभट्टी कामगार, बॅटरी दुरुस्ती करणारे आणि तुलनेसाठी कार्यालयात बसून काम करणारे. फटाक्यांचा गट सोडला, कारण तो दिवाळीतच घ्यावा लागेल आणि माझी यंत्राची वेळ त्याआधी आहे. प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही हातांचे दोन स्टब, त्या ठिकाणची माती किंवा राख यांचा एक स्टब, आणि बाहेर काढून हवेत धरून परत बंद केलेला एक कोरा स्टब असे घेणार आहे. संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज केला असून संमतीपत्र साध्या मराठीत लिहिले आहे; ज्यांना वाचता येत नाही त्यांना साक्षीदारासमोर वाचून दाखवणार आहे. आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर जवळची यंत्रे शोधली आणि दोन ठिकाणी चौकशी केली आहे.

एक शंका उरली आहे. शेतमजुराच्या हातावर सैल माती इतकी असेल की स्टबच्या चिकटपणावर मातीच बसेल आणि खालचे कण झाकले जातील. हात आधी झटकायला सांगावे का?

खडकीकर

झटकायला सांगू नका. प्रत्यक्ष गुन्ह्यात कोणी हात झटकून पुढे करणार नाही, आणि झटकण्याने सैल मातीबरोबर काय गेले हे नंतर सांगता येणार नाही. त्याऐवजी स्टब अंगठा आणि तर्जनी यांमधील भागावर आणि हाताच्या पाठीवर हलकेच टेकवत जा, घासू नका, आणि चिकटपणा संपला असे बोटांना जाणवले की थांबा. टेकवण्याची संख्या प्रत्येकासाठी सारखी ठेवा आणि ती लिहून ठेवा. माती जास्त असलेले स्टब झोताखाली विद्युतभारित होऊन प्रतिमा थरथरते, म्हणून त्यांना कार्बनचा पातळ थर द्यावा लागेल. यंत्राची वेळ ठरवताना त्यासाठी अर्धा दिवस जास्त मागा.

सिंदफणा

धागाकर्ती, आमच्या तालुक्यातील दोन वीटभट्ट्यांवर आरोग्य तपासणी शिबिर पुढील महिन्यात आहे. आपल्या समितीची मंजुरी तोपर्यंत आली, तर मजुरांना मी स्वतः विषय समजावून सांगेन आणि ज्यांची इच्छा असेल त्यांचे नमुने आपण तेथेच घ्यावेत अशी सोय करीन. मजूर पहाटे कामाला लागतात, तेव्हा दुपारच्या जेवणाआधी, त्यांनी हात धुण्यापूर्वी यावे लागेल. मंजुरीपत्राची प्रत आणि स्टबच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्यांचा नमुना मला आधी पाठवावा. चिठ्ठीवर व्यक्तीचे नाव न लिहिता केवळ क्रमांक, हात डावा की उजवा, तारीख, वेळ आणि शेवटचे हात धुतल्यापासून गेलेले तास एवढेच ठेवावे, असे मला वाटते.